पांढऱ्या भुकटीची निवड समिती

भोपाळच्या मराठी घरात क्रिएटिनचा डबा आला, की त्याने दंड किती भरतील हे कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो, "त्याने किडनी जाते म्हणे?" विचारणाऱ्याला किडनी नेमकी कुठे असते असं उलट विचारावं, तर त्याचा हात पोटापासून पाठीपर्यंत सगळीकडे फिरतो आणि शेवटी तो म्हणतो, "असते इथेच कुठेतरी. पण जाते."

आमच्याकडे हा विषय भाच्यामुळे आला. भाचा शिकायला आमच्या घरी राहतो. क्लास एमपी नगरात आहे आणि जिम क्लासच्या वरच्याच मजल्यावर. दोन्हींपैकी हजेरी कुठे चांगली आहे ते त्याच्या गुणपत्रिकेवरून आणि शर्टाच्या बाह्यांवरून कुणालाही कळेल. जिमच्या ट्रेनरने त्याला सांगितलं, "क्रिएटिन शुरू कर, लेकिन फॉर्म अच्छा लेना." आता 'फॉर्म' म्हटल्यावर आमच्या घराण्याचे कान टवकारतात. 1956 साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं, नागपूरची सरकारी दप्तरं इकडे हलली आणि दप्तरांमागोमाग आमचे आजोबा आले. तेव्हापासून या घरात फॉर्म भरल्याशिवाय काहीही होत नाही. कुकर घ्यायचा तरी आधी टिपण निघतं, ते या खोलीतून त्या खोलीत फिरतं, आणि प्रत्येक जण त्यावर आपला शेरा मारतो. क्रिएटिनची फाईल अशीच फिरली.

दुकानात मी जातीने गेलो, कारण पैसे माझे होते. भिंतभर काळे डबे, आणि प्रत्येक डब्यावर वीज कडाडतेय. साधं मोनोहायड्रेट सगळ्यात खालच्या फळीवर, पायपुसण्याच्या शेजारी. त्याच्या वर 'मायक्रोनाइज्ड', त्याच्या वर हायड्रोक्लोराइड म्हणजे एचसीएल, डोळ्यांच्या पातळीवर 'बफर्ड', आणि काचेच्या कपाटात कुलूप लावून इथाइल एस्टर. काउंटरवर गमीज, लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या रंगीत. फळी जसजशी वर जाते तसतसा भावही चढतो, हे कळायला रसायनशास्त्र लागत नव्हतं.

भाच्याने वाकून खालचा डबा उचलला मात्र, दुकानदार कळवळला. "को खां, मोनो ले रिये हो? वो तो बच्चों का माल है. उससे पानी भरता है बदन में. एचसीएल लो मियां, सीधा मसल में जाता है." सीधा म्हणजे कुठल्या मार्गाने, हे मी विचारलं. त्याने स्वतःच्या कोपरापासून खांद्यापर्यंत बोट फिरवून मार्ग दाखवला. 'शोले'तला सूरमा भोपाली लाकडाच्या वखारीवर बसून गप्पा ठोकत होता. आज असता तर वखार विकून सप्लिमेंटचं दुकान टाकलं असतं, याबद्दल माझी खात्री पटली.

खरं तर या विषयात दुकानदाराला फारसा वाव नाही. शास्त्रज्ञांनी क्रिएटिनवर इतकं काम केलंय, आणि निष्कर्ष इतका सरळ आहे, की विनोदी लेखकाचंही त्यात नुकसानच होतं. क्रीडा-पोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 साली सगळे अभ्यास चाळून जे मत मांडलं, त्याचा मथितार्थ एवढाच: सगळ्यात खालच्या फळीवरचा डबा घ्या. मायक्रोनाइज्ड म्हणजे तेच मोनोहायड्रेट, बारीक दळलेलं. (आत्याने विचारलं, "म्हणजे मैदा का?") बफर्ड प्रकार पोटातल्या आम्लापासून क्रिएटिनला वाचवतो असा दावा आहे. पण मोनोहायड्रेट पोटात फारसं बिघडतच नाही, जवळजवळ सगळंच शोषलं जातं. तेव्हा वाचवायचं कुणाला? 2012 साली व्यायाम करणाऱ्या पुरुषांवर दोन्हींची तुलना झाली, त्यात बफर्ड पुढे गेलं नाही. कुलुपातल्या इथाइल एस्टरची गत तर सगळ्यात वाईट. ते शरीरात बरंचसं क्रिएटिनिन होऊन जातं, म्हणजे स्नायूंपर्यंत पोचण्याआधीच टाकाऊ माल. कुलूप बहुधा आपल्या संरक्षणासाठी असावं.

एचसीएल पाण्यात फार छान विरघळतं, हे मात्र खरं. मोनोहायड्रेट विरघळायला कुरकुरतं. फ्रिजच्या गार पाण्यात लिटरमागे जेमतेम 6 ग्रॅम, साध्या पाण्यात 14 ग्रॅमच्या आसपास, कढत पाण्यात त्याहून बरंच जास्त. त्यामुळे भाचा फ्रिजमधली बाटली काढून स्टीलच्या पेल्यात पाणी ओततो, चमचाभर भुकटी टाकतो, ढवळ ढवळ ढवळतो, पितो, आणि तळाशी रांगोळीसारखा पांढरा थर तसाच राहतो. सकाळी भांडी घासणाऱ्या बाई तो पेला माझ्या नाकासमोर धरून म्हणतात, "साहब, ये चूना कौन खाता है घर में?" उपाय साधा आहे: कोमट पाणी घ्यावं, आणि तळ राहिला तर थोडं पाणी घालून तोही पिऊन टाकावा. विरघळणं आणि अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एचसीएलवाले पहिलीचे पैसे घेतात आणि दुसरीचा दावा करतात.

काकांचं काम हिशेबाचं. काका लेखा विभागातून निवृत्त झाले, पण ताळा मेळवणं सुटलेलं नाही. विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी रकाने आखले: डबा, वजन, भाव, दर ग्रॅमी पडता. डब्यावरची मात्रा 3 ग्रॅम. अडीचशे ग्रॅमच्या डब्यात 83 दिवस जातात आणि एक ग्रॅम उरतो. त्या एका ग्रॅमचं समायोजन कसं करायचं, यावर त्यांनी अर्धा तास घालवला. मग त्यांची नजर 'मोनोहायड्रेट' या शब्दावर अडली. मी सांगितलं, क्रिएटिनच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचा एक रेणू असतो, वजनात 12 टक्के पाणी. काका ताडकन उठले. "म्हणजे दर डब्यात तीस ग्रॅम पाणी विकत घ्यायचं? अरे, दूधवाला तरी मोफत घालतो!" पाणी नसलेलंही मिळतं, त्याला अनहायड्रस म्हणतात, असं भाच्याने सुचवलं. ते किती महाग, हे ऐकल्यावर काकांनी पाणी मंजूर केलं. आत्या म्हणाली, "बरं झालं. निर्जळी एकादशी करणारं औषध मला नकोच होतं घरात."

आत्याची हरकत वेगळीच होती. हे मांसातून काढतात, असं तिने कुठूनतरी ऐकलं होतं. यात तथ्य आहे, फक्त ते जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचं. 1832 साली शेव्रुल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने मांसाच्या अर्कातून क्रिएटिन वेगळं केलं. हे गृहस्थ 102 वर्षं जगले. भाच्याने लगेच त्याचं श्रेय क्रिएटिनला दिलं, पण शेव्रुलसाहेबांनी ते शोधलं होतं, खाल्लं नव्हतं. नंतर लीबिग या जर्मन पंडिताला दिसलं, की शिकारीत पळून पळून मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात पाळलेल्या कोल्ह्यापेक्षा क्रिएटिन कितीतरी जास्त असतं. सोफ्यावर पडून राहणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं. आजचं डब्यातलं क्रिएटिन कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनतं. त्यात ना गाय, ना बकरी, ना कोल्हा. डब्यावर हिरवा ठिपका असतो तो त्यामुळेच. कॅप्सूल घेतली तर मात्र तिचं कवच जिलेटिनचं असू शकतं, तिथे ठिपका बघावा. आत्याने भिंग घेऊन ठिपका तपासला, त्याची हिरवाई पसंत केली, आणि डबा देवघराच्या बाजूला नको एवढ्या अटीवर ना-हरकत दिली.

उलट शाकाहारी माणसालाच याचा फायदा जास्त. आपलं शरीर यकृत आणि मूत्रपिंडांच्या मदतीने रोज थोडं क्रिएटिन स्वतः तयार करतं, बाकीचं मांस-मासळीतून येतं. वरण-भात, पोहे, जिलबी या मार्गाने ते येत नाही. दुधात असतं, पण नावापुरतं. त्यामुळे शाकाहाऱ्यांच्या स्नायूंतला साठा मुळातच कमी भरतो, आणि भुकटी घेतल्यावर तो वाढतोही ठळकपणे. कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल खुराकात मटण खातो तेव्हा क्रिएटिन खातच असतो. एक किलो कच्च्या मांसात साधारण 4-5 ग्रॅम, आणि शिजवताना त्यातलंही काही कमी होतं. दर दिवशी किलोभर मटण विरुद्ध एक चमचा भुकटी, हा हिशेब काकांनी न सांगताच बिलाच्या पाठीवर मांडून ठेवला.

शेजारचे खांसाहेब जुन्या शहरातून आमच्या कॉलनीत राहायला आले, तरी मनाने ऐशबागच्या हॉकी मैदानाबाहेर पडलेले नाहीत. त्यांचा क्रिएटिनवर आधी विश्वास नव्हता. "मियां, पचहत्तर के वर्ल्ड कप में असलम शेर ने कौन सा डिब्बा खाया था?" 1975 सालच्या क्वालालंपूरच्या त्या उपांत्य सामन्यात मलेशिया पुढे होतं, वेळ संपत आली होती, आणि भोपाळच्या असलम शेर खानला बदली खेळाडू म्हणून आत पाठवलं. त्याने पेनल्टी कॉर्नरवर गोल करून बरोबरी साधली. भारत तो सामना जिंकला आणि पुढे विश्वचषकही. खांसाहेबांच्या मते त्या फटक्यात ताबीज होता आणि भोपाळचं पाणी होतं. मी अदबीने सुचवलं, की जुन्या भोपाळात डबा नसला तरी निहारी होती, पाया होता, कबाब होते. खांसाहेब थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ये बात तुमने वेजिटेरियन होके कैसे पकड़ ली?"

तसा तो फटका क्रिएटिनच्या कामाचं चांगलं उदाहरण आहे. स्नायूला एकदम जोर लावायचा असतो तेव्हा श्वासाने, साखरेने, चरबीने मिळणारी शक्ती यायला वेळ लागतो. सरकारी भाषेत, बिल कोषागारातून मंजूर होऊन येईपर्यंत साहेबांच्या टेबलाच्या खणातल्या किरकोळ खर्चाच्या पेटीतून भागवावं लागतं. ती पेटी म्हणजे स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन. पहिल्या काही सेकंदांची उसळी, वजन उचलण्याचा झटका, पाच-दहा पावलांची धाव, हे सगळं त्या पेटीतून. भुकटी घेतली की पेटीत थोडे जास्त पैसे राहतात, बाकी काही नाही. म्हणून ती मॅरेथॉनवाल्याला फारशी उपयोगी नाही, आणि क्लासमध्ये शेवटच्या बाकावर झोपणाऱ्यालाही नाही. हे फॉस्फोक्रिएटिन शोधणाऱ्यांत आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हार्वर्डला सायरस फिस्क यांच्या प्रयोगशाळेत, 1927 साली. आपल्याकडे किती जणांना हे नाव ठाऊक आहे? डब्यांवर जर्मनीचा झेंडा छापतात, सुब्बारावांचं नाव एकाही डब्यावर मला दिसलं नाही.

आता किडनी. तिला टाळून चालणार नाही, कारण आमच्या कॉलनीच्या सकाळच्या फिरण्यात तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. घोळ नावांच्या सारखेपणातून झालाय. क्रिएटिन वेगळं, क्रिएटिनिन वेगळं. पहिलं कामाचं, दुसरं त्याचा उरलेला चोथा, जो मूत्रपिंडं बाहेर टाकतात. लॅबवाले रक्तात चोथा किती साचलाय ते मोजून मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज बांधतात. भुकटी घेणाऱ्याच्या अंगात मालच जास्त, म्हणून चोथाही थोडा जास्त. अहवालात आकडा किंचित वर दिसतो, आणि अहवाल व्हॉट्सॲपवर पडला की संध्याकाळपर्यंत तीन आत्या रडायला लागतात. निरोगी माणसाने नेमून दिलेल्या मात्रेत घेतलं तर मूत्रपिंडांना इजा होते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आधीच मूत्रपिंडांचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याचं झाकणही उघडू नये. शंकाच असेल तर सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी तपासणी आहे, ती क्रिएटिनच्या नादी लागत नाही.

केस गळतात, ही दुसरी आवई. तिचं मूळ 2009 सालच्या एका छोट्या अभ्यासात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळणाऱ्या वीस पोरांच्या रक्तात एक हार्मोन वाढलेलं दिसलं. पोरांचे केस कुणी मोजलेच नव्हते. त्यानंतर 2025 साली केसांवरच लक्ष ठेवून प्रयोग झाला, त्यात फरक आढळला नाही. हे मी भाच्याला वाचून दाखवत होतो तेव्हा काका समोर बसले होते. काकांनी उभ्या आयुष्यात क्रिएटिनचा कण चाखलेला नाही आणि त्यांच्या डोक्यावर केसाचा कण नाही. भाच्याने एकदा त्यांच्या टाळूकडे पाहिलं, एकदा माझ्या टाळूकडे, आणि त्याला त्याच्या केसांचं भविष्य कुठून येणार आहे ते कळलं.

ट्रेनरने 'लोडिंग' सांगितलं होतं: पहिले पाच-सात दिवस रोज 20 ग्रॅम, मग कमी. हा प्रकार खोटा नाही. 1992 साली रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवसातून अनेकदा 5-5 ग्रॅम देऊनच दाखवलं, की तोंडाने घेतलेलं क्रिएटिन स्नायूंत साठतं. त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिक झालं, ब्रिटिश धावपटूंची नावं त्याच्याशी जोडली गेली आणि बाजार उघडला. पण लोडिंगने साठा फक्त लवकर भरतो. रोज 3 ग्रॅम घेतले तरी महिन्याभरात तेवढाच भरतो. आमच्या घरात शौचालय एक आणि माणसं पाच. भाच्याने एका सकाळी 20 ग्रॅमचा प्रयोग केला, वर पोहे-जिलबी खाल्ली, आणि दाराबाहेर काका पंचा घेऊन उभे राहिले. त्या दिवसापासून या घरात महिन्याभराचा मार्ग मंजूर आहे.

सुरुवातीला वजन थोडं वाढतं, तेही बरंचसं पाणीच. दुकानदार ज्या पाण्याची निंदा करत होता, ते स्नायूंच्या पेशींत भरतं. भाच्याला ते आवडलं, कारण बाह्या घट्ट झाल्या. मामीला नाही आवडलं, कारण शर्ट नवीन होते.

आता राहिला असली-नकलीचा प्रश्न. 2024 साली देशातल्या 36 प्रोटीन पावडरी तपासून एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 70 टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा खरा नव्हता. ते प्रोटीनचं झालं, पण दुकान तेच, फळ्या त्याच. परदेशात तपासलेल्या काही गमीजमध्ये तर लेबलावरचं क्रिएटिन बरंचसं गायबच होतं. गमीज खायचीच हौस असेल तर गमीज म्हणून खाव्या, त्यातून दंडांची अपेक्षा करू नये. बाटलीत आधीच विरघळवून ठेवलेलं द्रावणही घेऊ नये, क्रिएटिन पाण्यात दिवसेंदिवस राहिलं की त्याचं क्रिएटिनिन होत जातं. भाचा रात्रीच लिंबू-पाण्यात कालवून ठेवायचा, ते बंद केलं. आंबट पाण्यात तर ते आणखी लवकर बिघडतं. खांसाहेबांनी आपल्या सुलेमानी चहात एक चमचा घालून बघितलं. गरम असल्यामुळे झटकन विरघळलं. भोपाळच्या या चहात मीठ असतंच, त्यामुळे चवीत काय फरक पडला ते त्यांना सांगता येईना. लगेच प्यायल्याने तसं काही बिघडलंही नाही.

हल्ली खांसाहेब सकाळी तलावाकाठी दोन डंबेल घेऊन जातात. म्हाताऱ्या माणसांनी वजनं उचलत क्रिएटिन घेतलं तर स्नायू जरा जास्त टिकतात, याला चांगला आधार आहे. नुसतं घेऊन बाकावर बसल्याला नाही. खांसाहेब दोन्ही करतात, आलटून पालटून.

फाईलवर शेवटचा शेरा माझा होता, तो असा: बिनचवीचं, साधं मोनोहायड्रेट, रोज 3 ते 5 ग्रॅम, कुठल्याही वेळी, कोमट पाण्यात, नागा न करता. ज्याला रोज व्यायाम करायचा नाही त्याने हा पैसा शेंगदाण्यांवर खर्च करावा. घेताना डब्यावरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना बघा, पडताळणीची खूण खरवडून कंपनीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा, आणि दुकानदार वरच्या फळीकडे हात नेऊ लागला की खाली वाका. आणि रक्ततपासणीला जाल तेव्हा क्रिएटिन घेता हे डॉक्टरांना आधी सांगा, अहवाल आत्यापर्यंत पोचण्याच्या आत.